काल काय खाल्लं होतं? लघवीच्या वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी 26 वर्षं बसले. काचेखालच्या फटीतून डबी आत सरकवायची, मागे कोणी ऐकत नाही ना ते बघायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, "मॅडम, याला वास जरा वेगळाच येतोय हो." हे रोजचंच. माझा पहिला प्रश्न ठरलेला होता: काल काय खाल्लं होतं? बहुतेकांचं कोडं तिथेच सुटायचं. निवृत्तीनंतरही नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, मुलीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणी तेच प्रश्न फोनवर विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मुळात लघवीला वास असतो कशाचा?

ताज्या, निरोगी लघवीला फारच कमी वास असतो. तिच्यात सुमारे 95 टक्के पाणी असतं. बाकीच्यात सगळ्यात जास्त युरिया, मग क्षार, क्रिएटिनिन आणि किरकोळ प्रमाणात शेकडो पदार्थ. युरियाला स्वतःचा वास नाही. लघवी पडून राहिली की जिवाणू युरिया फोडतात, त्याचा अमोनिया होतो आणि तो डोळ्यांत झोंबतो. स्टेशनच्या मुतारीजवळून जाताना आपण श्वास रोखतो तो शिळ्या लघवीमुळे. सॅम्पल दोन तासांच्या आत आणा, असं लॅबवाले बजावतात त्याचं कारणही हेच. सकाळी सातला भरलेली डबी पिशवीत घालून बँक, भाजी, शाळा करत साडेअकराला आणली, तर त्यात जिवाणूंनी स्वतःचा संसार थाटलेला असतो.

मग जेवणातला वास तिथपर्यंत पोचतो कसा?

आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृतात, तिथून किडनीत. किडन्या दिवसभरात साधारण 180 लिटर पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत आत घेतात आणि दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. खाल्लेल्या पदार्थातले बरेच वास यकृत मोडून टाकतं. पण काही रेणू चिवट असतात, आणि काही तर मोडल्यावरच वास मारायला लागतात. शिवाय वास यायचा म्हणजे तो रेणू हवेत उडायला हवा. जो पटकन उडतो तो पटकन नाकात शिरतो.

अस्पॅरागस खाल्ल्यावर अर्ध्या तासात विचित्र वास आला. विषबाधा तर नाही?

नाही. हा या विषयातला सगळ्यात गाजलेला वास आहे. क्रॉफर्ड मार्केटात 'इंग्लिश भाजी'वाल्यांकडे हिरव्या कांड्यांची जुडी मिळते ना, ती. पूर्वी ती हॉटेलांसाठीच जायची, आता डाएटवाल्यांच्या घरीही येते आणि त्यामुळे हा प्रश्नही यायला लागला.

या भाजीत अस्पॅरागुसिक आम्ल नावाचं गंधकयुक्त आम्ल असतं. भाजीला त्याचा वास नसतो. शरीरात ते मोडतं आणि त्यातून गंधकाचे छोटे छोटे पदार्थ निघतात. त्यातला मुख्य मिथेनथायॉल. तो 6 अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत बाहेर पडल्या पडल्या उडतो. उकडलेल्या कोबीसारखा, जरा सडका असा हा वास. घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात एक घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात, तो याचाच चुलतभाऊ. म्हणून काहींना बाथरूममध्ये गॅस लीक झाल्यासारखं वाटतं. भाजी पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वास सुरू होऊ शकतो आणि काही तासांत ओसरतो.

माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 1781 च्या सुमारास ब्रसेल्सच्या अकादमीला उद्देशून एक टवाळ पत्र लिहिलं. अस्पॅरागसच्या थोड्याशा कांड्या लघवीला दुर्गंध देतात आणि टर्पेंटाइनची वाटाण्याएवढी गोळी व्हायोलेट फुलांचा सुगंध, असं त्यात आहे. टर्पेंटाइन विषारी आहे, तेव्हा सुगंधाच्या नादी लागू नका. 1891 मध्ये मार्सेली नेंकी या शास्त्रज्ञाने हा वास मिथेनथायॉलचा असावा हे शोधलं.

पण मला तर कधीच आला नाही. नवरा मात्र नाक मुरडतो.

दोघंही खरं बोलताय. काहींच्या लघवीत हे पदार्थ कमी तयार होत असावेत. पण मोठा फरक नाकाचा आहे. डिसेंबर 2016 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 6,909 जणांचा अभ्यास आला होता. सगळे युरोपीय वंशाचे अमेरिकन. त्यातल्या सुमारे 60 टक्के लोकांना हा वास येतच नाही, असं दिसलं. वास ओळखणाऱ्या जनुकांच्या शेजारचे फरक त्याला कारण होते, गुणसूत्र क्रमांक 1 वर. तुमच्या लघवीचा वास तुम्हाला नाही आणि नवऱ्याला येतो, यात भांडायचं कारण नाही. भाजीवर फोडायचं खापर जनुकावर फोडा.

शतावरी कल्पानेही असंच होतं का?

शतावरी वेगळी, अस्पॅरागस वेगळा. एकाच कुळातल्या दोन जाती. भाजीत आपण कोवळे कोंब खातो, शतावरी कल्पात दुसऱ्या जातीची मुळी असते आणि सोबत भरपूर साखर. बाळंतिणीला दूध यावं म्हणून कल्प देतात. त्यानंतर असा सडका वास आल्याची तक्रार घेऊन माझ्या काउंटरला कोणी आलं नाही.

मेथीचे लाडू खाल्ल्यावर लघवीला, घामाला गोड वास येतो. खरं की भास?

अगदी खरं. हा माझा आवडता प्रश्न, कारण याच्यामागे एक आजी आहे.

पावसाळ्यातली दुपार होती. साठीतल्या एक बाई डबीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत बाळाचा ओला लंगोट घेऊन आल्या. "मॅडम, वास घ्या," म्हणाल्या. मी जरा मागेच सरले. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि मला खरंच काकवीचा वास आला. गुळाचा पाक चुलीवर जरा जास्त वेळ राहिला की येतो ना, तसा. नातू आठ दिवसांचा. आजीला शंका होती की सून बाळाला चोरून गूळपाणी चाटवते. सूनबाईंना शंका होती की सासूच घुटीत काहीतरी घालते. घरात अबोला.

मी विचारलं, सून काय खाते? उत्तर आलं, "आमच्याकडचंच. सकाळी मेथीचा लाडू, संध्याकाळी मेथीचा लाडू, रात्री मेथीची खीर. दूध यायला पाहिजे ना!" मेथीदाण्यात सोटोलोन नावाचा पदार्थ असतो. पातळ प्रमाणात त्याचा वास जळक्या साखरेसारखा, काकवीसारखा येतो, दाट झाला की मेथीसारखा. शरीर तो पुरता मोडत नाही, तो घामातून आणि लघवीतून बाहेर पडतो. मेथी खाणाऱ्या आईच्या बाळालाही हा वास आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

तरी मी आजींना लॅबमधून थेट बाळाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कारण अगदी हाच वास एका जन्मजात आजारात येतो. त्याचं इंग्रजी नावच मेपल सिरपवरून पडलं आहे. मेपल सिरप म्हणजे कॅनडातल्या एका झाडाच्या रसाची काकवी. 1954 मध्ये अमेरिकेतल्या जॉन मेंकेस आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. प्रथिनांमधली तीन अमिनो आम्लं या बाळांना मोडता येत नाहीत. साधारण 1,85,000 जन्मांमागे एक, म्हणजे फार दुर्मिळ. पण पहिल्या काही दिवसांतच बाळ दूध ओढेनासं होतं, सुस्त पडतं, आणि उशीर झाला तर मेंदूवर परिणाम होतो. गंमत अशी की त्या आजारातल्या वासालाही सोटोलोनच जबाबदार आहे. मेथीचा आणि आजाराचा रेणू एकच, मग नाक बिचारं फरक करणार कसा? डॉक्टरांनी रक्त तपासलं. नातू ठणठणीत होता. आजी पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आल्या. लाडू बंद केलेत का विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? डबा अजून अर्धा आहे."

हाच वास न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून अधूनमधून हवेत पसरायचा. लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये शोध लागला की शेजारच्या न्यू जर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यातून तो येत होता. मुंबईत रिफायनऱ्यांचा वास सोसत चेंबूर-माहुलला राहणाऱ्यांना हे वाचून हेवाच वाटेल.

बाळाच्या लघवीचा आणखी कुठला वास गंभीर घ्यायचा?

उंदरांच्या बिळासारखा, कुबट. 1934 मध्ये नॉर्वेत एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टरामागून डॉक्टर करत होती. मुलांची वाढ खुंटली होती आणि अंगाला, लघवीला एक कुबट वास यायचा. अस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराईडचे थेंब टाकले तर ती हिरवी झाली. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार असा सापडला. आता जगात अनेक ठिकाणी तो नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन शोधतात आणि वेळेत कळला तर आहार बदलून मूल चांगलं वाढतं. आई वासाबद्दल काही सांगत असेल तर घरच्यांनी "तुला काहीही वास येतात" म्हणू नये.

बोंबील-बांगडा खाल्ल्यावर लघवी वशाट येते का?

सहसा नाही, आणि याचं उत्तर कोळीवाड्यातल्या स्वयंपाकघरातून सोपं समजतं. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साईड असतं, त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तो वशाट वास त्याचा. मासळीला लिंबू, कोकम, चिंच लावतात ती काही चवीपुरती नाही. आंबटाने हे अमाइन बांधलं जातं आणि उडत नाही.

आपल्या पोटातले जिवाणूही तेच अमाइन बनवतात, माशांपासून आणि अंड्यासारख्या पदार्थांतल्या कोलीनपासून. पण यकृतातलं एक एन्झाइम ते परत बिनवासाचं करून टाकतं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः नीट काम करत नाही त्यांच्या घामाला, श्वासाला, लघवीला माशाचा वास येतो, शाकाहारी असले तरी. अशी माणसं दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि तरी लोक त्यांना अस्वच्छ म्हणतात. आजार दुर्मिळ आहे, पण तपासता येतो आणि खाण्यात बदल करून वास बराच कमी होतो.

मासे खाल्लेले नसताना लघवी वशाट येत राहिली तर मात्र जंतुसंसर्ग आहे का ते बघा. आणि बायकांनो, स्पष्टच लिहिते: असा वास पुष्कळदा लघवीचा नसतोच, अंगावरून जाणाऱ्या स्रावाचा असतो. त्याची तपासणी वेगळी, औषध वेगळं. युरीन रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

लसूण, कांदा?

वडापावच्या सुक्या चटणीत जेवढी लसूण असते तेवढ्याने सहसा कळत नाही. ठेचा आणि कच्ची लसूण रोज खाणाऱ्यांना कळतं. लसणातून अलाइल मिथाइल सल्फाइड तयार होतं, ते लवकर मोडत नाही. रक्तातून फुफ्फुसात जातं म्हणून ब्रश करूनही तोंडाचा वास जात नाही, आणि तेच लघवीत व आईच्या दुधातही उतरतं. कोबी, फ्लॉवर यांतही गंधक आहे, पण तक्रार करण्याइतका वास क्वचितच.

कॉफी प्यायल्यावर लघवीला कॉफीचाच वास येतो!

येतो. कॉफीतल्या वासाच्या पदार्थांचे अवशेष लघवीतून जातात. चहाबद्दल असा प्रश्न फारसा आला नाही, नाहीतर अख्ख्या मुंबईचा आला असता.

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की पिवळीजर्द होते आणि औषधी वास येतो.

रंग राइबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 चा. शरीराला नको असलेलं जास्तीचं जीवनसत्त्व बाहेर पडतं. वासही त्या बी गटाचाच. काही अँटिबायोटिक्सनेही असा वास येतो, कोर्स संपला की जातो. बीट खाल्ल्यावर लालसर झालं तर तोही बिटाचा रंग. दहा-बारा टक्के लोकांमध्येच तो दिसतो, म्हणून ते जास्त घाबरतात. पण बीट खाल्लेलं नसेल आणि लाल दिसलं तर थांबू नका.

उपवासाच्या दिवशी वास बदलतो का?

बदलतो, पण तुमचा उपवास कुठला त्यावर आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं, असा उपवास असेल तर शरीराला पिष्ट नेहमीपेक्षा जास्तच मिळतं. खरोखर काही खाल्लं नाही, किंवा नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, की शरीर चरबी जाळायला घेतं आणि कीटोन तयार होतात. त्यातल्या अॅसिटोनचा वास नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, फळासारखा. कीटो डाएटवाल्यांनाही हाच येतो. निर्जळी केली तर लघवी दाट होऊन उग्र दर्प येतो, तो वेगळा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले उपवास करू नका.

ऑफिसहून आल्यावर लघवी गडद आणि उग्र असते. जेवणात तर काही वेगळं नसतं.

मग पाणी किती प्यायलात? मी हा प्रश्न बायकांना विचारायचे आणि उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. कसाऱ्याहून सीएसएमटीला यायला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि लोकलमध्ये शौचालय नाही. स्टेशनवरचं असलं तरी आत जायची हिंमत होत नाही. मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' मोहीम चालली ती याच दुखण्यावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा त्यातला एक मुद्दा होता. पाणी कमी म्हणजे लघवी कमी आणि दाट, आतल्या त्याच पदार्थांचा वास दुप्पट. त्यात तासन्‌तास दाबून ठेवली की संसर्गाला आमंत्रण. ऑक्टोबरच्या उन्हात तर बघायलाच नको. फिकट पिवळा रंग येईल इतकं पाणी प्या. जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी आवडत असेल तर जरूर, पण त्यातही काम करतं ते पाणीच.

लघवीला गोड वास म्हणजे मधुमेह ना?

साखरेला चव असते, वास नसतो, हे आधी लक्षात घ्या. लघवीतून साखर जात असेल तर ती नाकाला कळणार नाही. मुंग्यांना कळते. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये लघवीला मुंग्या लागणं सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी 1674 मध्ये ती मधासारखी गोड लागते असं चाखून लिहिलं आणि मॅथ्यू डॉब्सन यांनी 1776 मध्ये ती गोडी साखरेची असल्याचं दाखवलं. मधुमेहात फळासारखा वास येतो तो कीटोनचा, आणि तो धोक्याचा. सोबत उलट्या, पोटात दुखणं, धाप, गुंगी असेल तर लॅबमध्ये येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकी कधी डॉक्टरकडे जायचं?

जळजळ, ताप, थंडी, कमरेच्या बाजूला दुखणं, लघवीत रक्त, गढूळपणा, किंवा खाणंपिणं नेहमीचं असून दोन-तीन दिवस टिकलेला घाण वास. गरोदर बाईने आणि वयस्कर माणसाने याहून आधी. वास एकटाच असेल आणि काल काही खास खाल्लं असेल तर एक दिवस थांबून बघायला हरकत नाही.

शिवांबूबद्दल, म्हणजे स्वतःची लघवी पिण्याबद्दल, काय मत?

माजी पंतप्रधान मोरारजी देसाईंमुळे हा प्रश्न आमच्या पिढीत फार चालायचा. ते स्वतः घेत होते आणि जाहीरपणे सांगतही होते. औषध म्हणून उपयोग होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. मी 26 वर्षं ती हाताळली, माझ्याकडून हो येईल अशी अपेक्षा करू नका.

सॅम्पल द्यायच्या आदल्या दिवशी काही पथ्य?

वासासाठी नाही. वासावरून रिपोर्ट बिघडत नाही. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यामुळे लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही कमी दिसू शकतं. सुरुवातीची धार सोडून मधली भरा. आणि डबी लॅबचीच घ्या. लालबागचे एक काका घरच्या बाटलीत सॅम्पल घेऊन आले होते. पट्टी बुडवली तर साखर थ्री प्लस. काकांचा चेहरा उतरला, "आमच्या घराण्यात कुणाला नाही हो." बाटली हातात घेऊन वास घेतला आणि मग उलटी करून लेबल वाचलं. महाबळेश्वरचा मध. काकूंनी 'चांगली विसळून' दिली होती. नव्या डबीत पुन्हा घेतलं, साखर निल.